शाळेत हे तुम्हाला कोणी शिकवलं? (अनुभव धागा, इंदूर)

भाचीच्या शाळेत किशोरावस्थेचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला. तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि मला पहिला शब्दच सुचेना. शाळेत हिंदी, घरी मराठी, आणि या विषयावर दोन्हीकडे गप्प. तुमच्या शाळेत काय झालं, शिकवत असाल तर कसं शिकवता, मोकळेपणाने लिहा. नाव नको, मोहल्ला पुरे.

रामबाग, वय 66
'कावळा शिवला' एवढंच कानावर होतं. गृहविज्ञानात बाळाचं झबलं बेतायला शिकवलं, बाळ कसं होतं ते लग्नानंतर कळलं.

सुदामा नगर, वय 35
सातवीत मुलींना हॉलमध्ये नेलं, आम्हा मुलांना मैदानावर सोडलं. मुली परतल्या त्या कागदी पाकिटं दप्तरात लपवत. आमच्याशी कोणीच बोललं नाही. रात्री चादर ओली झाली की पहाटे उठून मी गुपचूप धुवायचो. त्याला ऐकलेला शब्द 'स्वप्नदोष', म्हणजे दोष माझ्यातच. रुळांकडेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असायच्या, त्या वाचून दोन वर्षं मी स्वतःला आजारी समजत होतो. या वयात हे होतं, औषध लागत नाही, एवढं तरी वर्गात कोणी म्हणायला हवं होतं.

लोकमान्य नगर, निवृत्त शिक्षक
केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाचं प्रशिक्षण मी घेतलं होतं. 2007 मध्ये मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात अशा बऱ्याच राज्यांनी तो थांबवला. चित्रांवर आक्षेप होता. काही चित्रं मलाही त्या वयाला जड वाटली होती. पण चित्रं बदलायची सोडून विषयच बंद झाला, याचं आजही वाईट वाटतं.

सरकारी शाळेतली शिक्षिका
मी चिठ्ठ्यांचा डबा ठेवते. पेढ्यांचा जुना डबा, झाकणाला चीर. चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी, म्हणजे कोणी विचारलं ते कळत नाही. मुलं-मुली एकत्रच बसतात. आधी फळ्यावर शब्द लिहिते: माहवारी, वीर्य, गर्भाशय. पाच मिनिटं खिदळतात, मग आपोआप थांबतात. मी पुसत नाही.

एका चिठ्ठीत होतं, "मम्मी को चौथी लड़की हुई, दादी डाँटती है, गलती किसकी?" मी फळ्यावर एक्स आणि वाय ही गुणसूत्रं काढली. आईकडून एक्सच येतं, वडिलांकडून एक्स नाहीतर वाय. मुलगा की मुलगी ते तिथे ठरतं, आणि तेही त्यांच्या हातात नसतं. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. सुट्टीत एक मुलगी वही घेऊन आली, आकृती नीट उतरवून घेतली. "घर ले जाना है" म्हणाली. मी काही विचारलं नाही.

पालकांची सभा मात्र आधी घ्या. एका वर्षी राहिली, तर एक आजोबा तावातावाने शाळेत आले होते. समजावल्यावर ऐकलं त्यांनी.

राजेंद्र नगर, पाच वर्षांच्या मुलीची आई
आमच्या शाळेने आधी आम्हालाच बोलावलं. अवयवांची खरी नावं शिकवा, लाडाची नकोत, म्हणजे कोणी नको तिथे हात लावला तर मूल नेमकं सांगू शकेल. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 नंबर लेकीला पाठ आहे. 'योनी' हा शब्द मोठ्याने म्हणायला मला आरशापुढे सराव करावा लागला. ती मात्र 'कोपर' म्हणावं तितक्या सहज म्हणते.

धागाकर्ती
पेढ्यांचा डबा घरात आहे. रविवारी भाचीला घेऊन बसते, आणि तिच्या भावालाही. चादरीचं वाचल्यावर त्याला खेळायला पाठवणं माझ्याने व्हायचं नाही.