मदत हवी आहे : कुसळी वाढलेल्या माळाची कापणी केव्हा करावी?

माण तालुक्यात आमचा तीन एकर मुरमाड, उताराचा माळ असून तेथे पूर्वी पवना आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवते भरपूर होती. आता निम्म्याहून अधिक भाग कुसळी या टोकदार कुसळांच्या गवताने व्यापला आहे. गेल्या वर्षी कापणी नोव्हेंबरात झाली, तेव्हा कुसळे पक्की झाली होती. ती मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत रुतली आणि वाळल्या गवताला खिल्लार गाईंनीही तोंड लावले नाही.

जूनमध्ये स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचे बी फोकले होते, परंतु कठीण कवचाच्या त्या बियाण्याला गरम पाण्याची प्रक्रिया न केल्याने ते तुरळकच उगवले. मारवेलचे ठोंब बांधाच्या कडेने लावले, ते मात्र छान जगले आहेत. माळ पेटवणे आम्ही बंद केले आहे, पाण्याची सोय नाही, आणि माती वाहून जाईल म्हणून नांगरट करायची नाही. पावसाळ्यात चराई पूर्ण बंद ठेवता येईल.

अडचण अशी की, कुसळी फुलोऱ्यात येताच सप्टेंबरअखेरीस कापली तर तिचे बी पडणार नाही, पण त्याच सुमारास फुलणाऱ्या मारवेल-पवन्याचेही बी हातचे जाईल. अशा वेळी संपूर्ण माळ लवकर कापावा, की केवळ कुसळीचे पट्टे कापून चांगल्या गवताचे पट्टे बी झडेपर्यंत राखावेत?