फिजीची केतकीच्या पात्यांची चटई ऑकलंडमध्ये मागवायची आहे, मदत हवी

फिजीची 'इबे' (तिथली चटई) हवी आहे, वोइवोइच्या (आपल्या केवड्याच्याच कुळातली वनस्पती) पात्यांची, हाताने विणलेली. दोन नग, साधारण ८ बाय ६ फूट, रोज जमिनीवर बसायला. शोभेची नको. कडेला रंगीत लोकरीची झालर नसली तर उत्तम, कारण ती पुसताना भिजते आणि लवकर वाळत नाही.

ऑकलंडमधल्या ओटारा उपनगराच्या शनिवारच्या बाजारात दोनदा पाहिलं. बऱ्याच चटया प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या निघाल्या. एक खरी मिळाली, पण घडी घालून ठेवलेली: घडीवर पाती तडकलेली, आतून बुरशीचा वास. त्यामुळे गुंडाळी करूनच यायला हवी, आणि पूर्ण वाळलेली. काळ्या नक्षीची पाती चिखलात मुरवून रंगवलेली असावीत, बाजारी रंगाची नकोत. ओल्या फडक्याने तो रंग कपड्यांना लागतो.

ओळखीचे एक जण पुढच्या महिन्यात सुवाहून (फिजीची राजधानी) विमानाने येत आहेत, ते आणतील. वनस्पतीजन्य वस्तू म्हणून इथे उतरल्यावर ती जाहीर करणारच आहोत. बजेट आहे, घाई नाही.

सुवाच्या बाजारात झालर न लावता मापाने विणून देणाऱ्या बायका कुठे बसतात? आणि तपासणीत कीड सापडून चटई अडकू नये म्हणून निघण्यापूर्वी नेमकं काय करून घ्यावं?