मदत हवी आहे: फुल मॅरेथॉनची तयारी, फेरिटिन १४ आणि गोळ्यांची लांबलचक यादी

नमस्कार मंडळी,

वय ४१, राहणार सातारा. शाकाहारी आहे, दूध-दही चालतं, अंडं नाही. यवतेश्वर घाटातली हिल हाफ केलेली आहे आणि येत्या जानेवारीत मुंबईची फुल करायची आहे. आठवड्याला साधारण ५० किमी पळणं होतं. पण हल्ली चढावर पायच उचलत नाहीत. ज्या वेगात मैत्रिणींशी गप्पा मारत पळायचे, त्याच वेगात आता धाप लागते. दुपारी ऑफिसात डोळे मिटतात आणि केसही बरेच गळतायत.

आमच्या रनिंग ग्रुपने आणि सप्लिमेंटच्या दुकानदाराने मिळून दिलेली यादी अशी: मल्टिव्हिटॅमिन, लोह, बी-१२, डी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई, ओमेगा-३, बीसीएए (प्रथिनांतली काही अमिनो आम्लं), कोलॅजेन आणि केसांसाठी बायोटिन. हे सगळं घ्यायचं तर खर्च महिन्याच्या किराण्याच्या घरात जातो.

काही घेण्याआधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.३, फेरिटिन १४, बी-१२ १८५, व्हिटॅमिन डी १६. थायरॉइड व्यवस्थित. लॅबच्या कागदावर फेरिटिन 'नॉर्मल'च्या रकान्यात आहे. आमचे डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिन चांगलं आहे, पळणं जरा कमी करा. पळणं कमी करायला मी तयार आहे, पण कारण कळल्याशिवाय नाही.

यादीतलं खरंच काय घ्यावं? लोह घ्यायचं तर कधी? मी पहाटे ५ ला बाहेर पडते आणि आल्या आल्या चहा लागतो. लांबच्या पळण्यात मिठाच्या गोळ्या घ्याव्यात का? आणि गोळ्यांशिवाय जेवणातून किती भागेल?

*

प्रतिसाद:

ताई, मी पॅथॉलॉजीत काम करते आणि स्वतःही पळते. आधी रक्त तपासलंत हे फार बरं केलंत. तुमच्या कागदावर सगळ्यात महत्त्वाचा आकडा फेरिटिनचाच आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात कामाला लागलेलं लोह, फेरिटिनवरून कळतो साठा. शरीर आधी साठा संपवतं आणि हिमोग्लोबिन शेवटपर्यंत टिकवून धरतं, म्हणून १२.३ बघून निर्धास्त होता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांमध्ये १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता मानते. लांब पळणाऱ्यांच्या बाबतीत बरेच क्रीडावैद्य ३०-३५ च्या खालीच सावध होतात. लॅबची रेंज पुष्कळदा १० च्या आसपास सुरू होते, म्हणून तुमचा आकडा 'नॉर्मल' दिसतोय.

पळणाऱ्या बाईचं लोह अनेक वाटांनी जातं: पाळी, घाम, पावलांच्या आघाताने फुटणाऱ्या तांबड्या पेशी, थोडं आतड्यातून. शिवाय दमवणाऱ्या पळण्यानंतर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं. ३ ते ६ तासांनी ते सर्वांत जास्त असतं आणि तेवढा वेळ आतडं लोह नीट आत घेत नाही. म्हणून गोळी सकाळीच, पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत, लिंबूपाण्याबरोबर. चहा त्यानंतर तासाभराने. कॅल्शियमची गोळी आणि दूधही त्या वेळी नको.

रोज घ्यायची की एक दिवसाआड, हे डॉक्टरांना जरूर विचारा. झुरिकमध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक दिवसाआड दिलेलं लोह जास्त चांगलं शोषलं गेलं. पोटाला त्रास होत असेल तर हा मार्ग मला तरी बरा वाटतो. शौचाला काळं होईल, घाबरू नका. मात्र फेरिटिन न बघता ग्रुपमधल्या कुणी लोह सुरू करू नये, विशेषतः पुरुषांनी. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते यकृतात साठत जातं.

आता एक विचारते, उत्तर द्यायलाच हवं असं नाही: पाळी कशी आहे?

*

प्रतिसाद:

लोहाबद्दल वरच्या ताईंशी सहमत. बी-१२ आणि डी सुद्धा घ्यावं लागणारच. बी-१२ वनस्पतींमध्ये नसतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला ते फक्त दूध-दही-ताकातून मिळतं. १८५ वरून वर यायला नुसतं ताक पुरणार नाही. आम्लपित्तावरच्या गोळ्या किंवा मधुमेहावरचं मेटफॉर्मिन बरेच दिवस चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी बी-१२ कमी होतं. पहाटे ५ ला पळून दिवसभर ऑफिसात बसणाऱ्याला ऊनच मिळत नाही, त्यामुळे डी १६ बघून नवल वाटलं नाही. डीची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे, आणि स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणानंतर. माझ्या ओळखीत एकांनी ती रोज घेतली, रक्तातलं कॅल्शियम वाढून दवाखान्यात राहावं लागलं.

*

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती):

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. पाळीबद्दल विचारलंत म्हणून सांगते. गेल्या वर्षापासून रक्तस्राव खूप जास्त आहे, वयामुळे असेल म्हणून कुणाला बोलले नाही. आणि घाटात हलकं वाटावं म्हणून रात्री जेवणाऐवजी सूप घेते.

*

प्रतिसाद:

आहारतज्ज्ञ आहे, म्हणून या शेवटच्या दोन वाक्यांवरच थांबते. रक्तस्रावासाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) किंवा दुसरं काही असेल तर लोहाच्या गोळ्या म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणं आहे.

आणि रात्रीचं सूप कृपा करून बंद करा. ५० किमी पळणाऱ्या शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही तर ते हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च कमी करतं. ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला वेगळं नाव देऊन त्यावर मार्गदर्शन केलं आहे. स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर) होणाऱ्या पुष्कळ जणी अशाच कमी खाणाऱ्या असतात. धाप आणि थकवा यांतला काही भाग याचाही असू शकेल, आणि त्यावर गोळी नाही.

जेवणातून किती भागेल? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. आपल्या जेवणातलं लोह वनस्पतींचं असल्याने कमी शोषलं जातं. मोड आणलेल्या मटकी-मुगाची उसळ, वरून लिंबू किंवा शेजारी आवळा, अळिवाचा लाडू, आणि जेवणाबरोबर चहा-कॉफी नाही, एवढ्याने फरक पडतो. पण १४ चं फेरिटिन नुसत्या जेवणाने या मोसमात भरून येणार नाही, गोळी लागेल. कॅल्शियमचं तसं नाही: नाचणीची भाकरी, तीळ, दोन वाट्या दही रोज असेल तर बहुधा गोळी नको. प्रथिनं तुमच्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. डाळ, ताक, पनीर, सोया यांतून ती जमतात, मग बीसीएएला पैसे कशाला?

कोलॅजेन मासळीचं किंवा गुरांच्या कातडी-हाडांचं असतं, ओमेगा-३ बहुतेक माशांच्या तेलाचं. शाकाहारी आहात, दुकानदाराने हे सांगायला हवं होतं. सी १००० आणि ई रोज नको. मोठ्या मात्रेत ती घेतल्यावर सरावाने स्नायूंत होणारे काही बदल मंदावतात असं नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं आहे. मॅग्नेशियमने पळतानाचे गोळे थांबतात याला भक्कम पुरावा नाही. केस बहुधा लोह आणि जेवण सुधारलं की सावरतील.

*

प्रतिसाद:

मिठाच्या गोळ्यांबद्दल. बरीच वर्षं लांब पळतोय, तुमचा ४२ चा सराव व्हावा म्हणून सांगतो. मुंबईत धोका फक्त पाणी कमी पडण्याचा नाही, भीतीने प्रत्येक टेबलावर पाणी पीत जाण्याचाही आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी भरलं होतं, काहींच्यात तर धोकादायक इतकं कमी. त्याचा सगळ्यात जवळचा संबंध निघाला तो पळताना वजन वाढण्याशी, म्हणजे जास्त पिण्याशी. तहान लागेल तसं प्या. मी घरचं लिंबू-मीठ-साखर पाणी किंवा औषधाच्या दुकानातलं खरं ओआरएस घेतो. एक पुडी एक लिटरात, अर्ध्या बाटलीत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जास्त साखरेच्या पेयांना 'ओआरएस' नाव लावायला मनाई केली, तरी डबी वाचूनच घ्या.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं, ते जेलमधून किंवा खजूर-चिक्कीतून. लांबच्या रविवारी आधी पोटाला पचवून बघा. पेडर रोडच्या चढावर नवीन जेल उघडू नका. आणि गुडघा दुखतो म्हणून पळताना आयबुप्रोफेन मुळीच नको, मूत्रपिंडावर ताण येतो.

*

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती):

स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. आजपासून रात्री भाकरी-उसळ. यादीतलं लोह, बी-१२ आणि डी एवढंच डॉक्टरांपुढे ठेवते, बाकी घेत नाही. फेरिटिन पुन्हा कधी तपासू?

*

प्रतिसाद:

८ ते १२ आठवड्यांनी, म्हणजे तुमच्या मुंबईच्या आधी हातात कागद येईल. रक्त लांबच्या पळण्याच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका. तापात किंवा शरीराला सूज असतानाही नको, तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. बायोटिन आधीच सुरू केलं असेल तर दोन-तीन दिवस आधी बंद करून लॅबला सांगा, थायरॉइडसकट काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात.