शेर : मापाचा की तोलाचा?

प्रश्न

सासूबाईंच्या वहीत कळण्याच्या भाकरीच्या पिठाचं प्रमाण आहे : 'दादर ४ शेर, उडीद १ शेर, मीठ छटाकभर.' दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी. सुनेला ते किलो-ग्रॅममध्ये लिहून द्यायचंय. कोशात शेर म्हणजे ८० तोळे असं सापडलं. तोच हिशेब धरू का? आम्ही यावल तालुक्यातले. घरात पितळी माप अजून आहे, त्यालाही शेरच म्हणतात.

उत्तर (चोपडा)

ताई, कोशातला शेर आणि तुमच्या घरातला शेर हे दोन वेगळे शेर आहेत.

कोशातला तो तोलाचा. ८० तोळे किंवा १६ छटाक, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. गूळ, मिरची, मीठ असा वाणसौदा या शेराने तराजूत तोलून मिळायचा. तुमचं पितळी माप म्हणजे धान्याचा शेर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इथे तराजूचा संबंधच नाही, भांड्यात मावेल तेवढं धान्य. त्यामुळे त्याच शेरात गहू घातला तर वजन एक, साळ घातली तर दुसरं, पीठ घातलं तर आणखी कमी. आजच्या स्वयंपाकघरातही हेच होतं : ज्या वाटीत २०० ग्रॅम साखर बसते तिच्यात कणीक जेमतेम १२०-१३० ग्रॅम बसते. 'एक वाटी म्हणजे किती ग्रॅम' या प्रश्नाला 'कशाची?' असं विचारल्याशिवाय उत्तर नाही.

त्यात पुन्हा शीग. खळ्यावर पायली सपाट भरत नसत, वर धान्याचा निमुळता ढीग उभा राहीपर्यंत भरत आणि पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. त्या ढिगाला शीग म्हणतात. 'उत्साह शिगेला पोहोचला' म्हणतो ती हीच शीग. हा शब्द मला फार जवळचा आहे आणि तो नुसता म्हणण्यापुरता उरावा याचं वाईट वाटतं.

आता तुमची वही. धान्य घरच्या मापाने घेतलेलं असणार, कारण कोठीतून ज्वारी काढताना तराजू कोण काढतं? मीठ मात्र छटाकाने लिहिलंय आणि छटाक हे वाण्याच्या तराजूतलं वजन. एकाच ओळीत दोन पद्धती आल्यात. ज्वारी-उडदाच्या चारास एक प्रमाणाची काळजी करू नका, दोन्ही दाणे मापात वजनाला जवळजवळ सारखेच भरतात. चुकलं तर मीठ चुकेल. माप गावागणिक लहानमोठं असायचं, म्हणून कोष्टकातला आकडा उचलू नका. सासूबाई भरायच्या तसं, शिगेसकट, दादरने माप भरा, काट्यावर ठेवा, रिकाम्या मापाचं वजन वजा करा आणि चाराने गुणा. उडदाचंही तसंच, फक्त तो एकच शेर, त्याला गुणायचं नाही. नव्या वहीत आकड्याशेजारी 'मापाचा शेर' एवढं जरूर लिहा.

भर (नवापूर)

मणाचंही असंच बघा. चाळीस शेरांचा जुना मण ३७ किलोंच्या थोडा वर जातो. बोलताना आपल्याकडे सरळ ४० किलो धरतात. आमच्याकडून सीमा ओलांडली की गुजरातच्या बाजारात मण २० किलोंचा, भावही त्यावरच निघतो. तिकडचा भाव ऐकून इकडे हिशेब करणाऱ्याने आधी मण विचारावा. खंडीही दोन : धान्याची वीस मणांची आणि रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, ३५६ किलोंची.

पुन्हा प्रश्न

भाऊ, फार उपयोग झाला. माप भरून बघते. पण मग छटाक किती धरू? बाजारात पावशेर मागितलं की २५० ग्रॅम देतात. ८० तोळ्यांच्या हिशेबाने पावशेर २३३ च होतो.

उत्तर (चोपडा)

१९५६ च्या कायद्याने दशमान वजनं आली. पुढच्या काही वर्षांत जुनी वजनं दुकानातून गेली, नावं मात्र लोकांनी सोडली नाहीत, नव्या वजनांना लावली. पावशेर २५० ग्रॅमचा झाला, अदपाव १२५ चा, छटाक ५० चा. जळगावच्या सराफात तोळाही आता १० ग्रॅमचा, पूर्वीचा ११.६६ चा. म्हणून वही कधीची आहे ते बघा. १९६० च्या आधीची असेल तर छटाक ५८ ग्रॅम, नंतरची असेल तर ५० धरायला हरकत नाही. दोन्हींत फरक चमचा-दीड चमचा मिठाचा. एवढ्या पिठात तो भाकरीला कळणार नाही.