फॉर्टीनाइन पाम्स: परतीचा चढ धरून पाणी घ्या

‘जाऊन-येऊन पाचच किलोमीटर, एक बाटली पुरेल ना?’ असं फॉर्टीनाइन पाम्सच्या पायवाटेबद्दल एकाने विचारलंय. नाही पुरणार. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातली, पामच्या झाडांच्या मरूद्यानाकडे नेणारी ही वाट आधी सुमारे ९० मीटर चढते, मग तेवढीच उतरते. म्हणजे परतताना भर उन्हात पुन्हा चढ. सावली नाही. मरूद्यानातलं पाणी रानमेंढ्यांसाठी राहू द्या. उन्हाळ्यात तर जाऊच नका.

खाली पोचल्यावर मात्र निवांत बसा आणि पामचे बुंधे न्याहाळा. वाळक्या झावळ्यांचा घोळदार घागरा, मध्येच आगीत काळाठिक्कर पडलेला एखादा बुंधा, तरी शेंडा हिरवागार! पाणी वाहणाऱ्या नळ्या सालीलगत नसून खोडभर विखुरलेल्या असतात, म्हणून ही झाडं आगीतूनही तगतात. केवढी चिवट जात!