मदत हवी आहे: दोन ससे, तापलेली गच्ची आणि कुंडीत नेमकं काय लावू? (सोलापूर)

पत्र्याची_गच्ची

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे दोन ससे आहेत, चिंगी आणि भुरी. दोघी माद्याच आहेत, त्यामुळे "पिल्लं झाली की कळवा" म्हणणाऱ्यांनी आशा सोडावी. आणल्या तेव्हा ओंजळीत मावत होत्या, आता एकेक दोन किलोची. घर पूर्व भागात, अशोक चौकापासून आत. गच्ची अर्धी मोकळी, अर्धी पत्र्याखाली. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी.

आत्तापर्यंत लक्ष्मी मंडईतून कोथिंबीर-मेथीच्या जुड्या आणून तीन पाण्यांनी धुऊन घालत होते. पण त्या जुड्यांवर काय काय मारलेलं असतं देव जाणे, आणि मे महिन्यात कोथिंबिरीचा भाव ऐकून सासूबाई म्हणतात, "माणसांच्या आमटीत नाही आणि सशांच्या ताटात आहे!" म्हणून घरीच लावायचं ठरवलं. इंटरनेटवर याद्या बघितल्या. टिमोथी, डँडेलियन, रोमेन, पार्सली. वाचून वाटलं, या दोघींनी सोलापुरात जन्म घेतला हीच चूक झाली.

आता मूळ प्रसंग. शेजारच्या अक्कांनी गेल्या आठवड्यात थर्माकोलच्या खोक्यात वाढवलेली मेथी आणून दिली. हिरवीगार, एका पानाला भोक नाही. मी खोकं दोघींच्या पुढ्यात ठेवलं. भुरीनं नाक घातलं, शिंकली आणि पाठ फिरवून बसली. चिंगी हावरट. तिनं दोन काड्या ओढल्यासुद्धा. मला भुरीचं वागणं खटकलं म्हणून मी वाकून वास घेतला, तर अगदी बिडीच्या पानपुड्याचा वास. अक्का बिड्या वळतात. तंबाखूचा चुरा रात्रभर भिजवून ते पाणी मेथीवर मारलेलं. "मावा दोन दिवसात पळतो की गं," म्हणाल्या (मावा म्हणजे पानांवरची कीड). बाईंनी मायेनं दिलं होतं, काय बोलणार. मी रात्रभर चिंगीजवळ बसून तिच्या लेंड्या मोजल्या. सकाळी सातला ती गवतावर तुटून पडली तेव्हा कुठे चहा घेतला.

तर विचारायचं असं, की आपल्याकडच्या उन्हात, एवढ्या पाण्यात, सशांना चालेल असं काय जगतं? घरात मनीप्लांट, कोरफड, ओवा, सदाफुली आहे, त्यातलं काय हलवू? आणि आमच्या गल्लीत रोपांची देवाणघेवाण सारखी चालते. ती थांबवायची नाही मला, पण कुणाकडून काय घ्यावं याचा धसका बसलाय. माझ्याकडून द्यायला लेंडीखत भरपूर आहे.

---

होटगी_रोड

ताई, आधी चिंगी ठीक आहे ना ते बघत राहा. सशाला उलटी होत नाही, पोटात गेलं ते गेलं. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझा पहिला ससा मी "उद्या बघू" म्हणून घालवला.

आता तुमच्या यादीचं. तिथं बेसिल लिहिलंय तो आपला सब्जा. सिलँट्रो म्हणजे कोथिंबीर, डिल म्हणजे शेपू, फेनेल म्हणजे बडीशेप, मिंट म्हणजे पुदिना. सगळं सोलापुरात येतं. डँडेलियनचा नाद सोडा.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा सगळा पाला म्हणजे ताटातली चटणी. भाकरी म्हणजे गवत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजतात चिवट गवत चावून, कोथिंबीर चावून नाही. पोटही गवताच्या धाग्यावरच चालतं. एक किलो वजनाला दिवसाला साधारण एक वाटी पाला, म्हणजे तुमच्या एकेकीला दोन वाट्या, त्याही तीन-चार प्रकार मिसळून. बाकी दिवसभर वाळलेलं गवत समोर पाहिजे. मारवेल किंवा पवन्या कुणी शेतकरी देत असेल तर पेंढ्या घ्या, फक्त झटकून बघा. कुसळी असेल तर ती कुसळं हिरड्यात घुसतात. (नान्नजच्या माळावर गवत फुकट आहे असं कुणी सुचवेल. ते माळढोकचं अभयारण्य आहे, तिकडं विळा घेऊन जायचं नाही.)

उन्हाळ्यात कोथिंबिरीच्या मागं लागू नका. चाळिशीपार ती उगवतच नाही, उगवली तर चार पानांवर फुलावर येते. जूनमध्ये दोन पाऊस झाले की धने चपलेखाली रगडून, दोन फाका करून टाका. आत्ता लावायचं तर गवती चहा, सब्जा, दूर्वा आणि सावलीत पुदिना. पुदिन्याला रोप विकत घेऊ नका. मंडईतल्या जुडीतल्या जाड काड्या घ्या, खालची पानं खुडा, पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवा. आठवड्याभरात पांढरी मुळं दिसतात.

आणि घरात गहू टाका. रात्रभर भिजवायचे, जुन्या ताटलीत मातीच्या बोटभर थरावर पसरायचे. आठ-दहा दिवसात वीतभर गवत. चार ताटल्या दोन-दोन दिवसांच्या अंतरानं लावल्या की खंड पडत नाही.

---

मंगळवेढेकर

गहू कशाला? आमच्याकडची मालदांडी टाका की. ज्वारी आपल्या मातीतली, पाणी कमी लागतं, उगवते झकास. ससे कोवळे कोंब आवडीनं खातील.

---

गोठ्यातून

नका हो, असलं सांगू नका. कोवळ्या ज्वारीनं जनावरांना किरळ लागते हे मंगळवेढ्याच्या माणसाला मी सांगायचं का? कोवळ्या पोंग्यात जो विषारी अंश असतो त्यापासून पोटात हायड्रोसायनिक ॲसिड तयार होतं. पाण्याचा ताण बसलेल्या आणि कापल्यावर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत ते जास्त. म्हणजे गच्चीवरच्या कुंडीत, चार दिवसांच्या पाण्यावर, रोज खुडून फुटणारी ज्वारी, सगळे अवगुण एका जागी! म्हैस मरते त्यानं, दोन किलोच्या जिवाचं काय. पूर्ण वाढलेल्या ज्वारीचा चांगला वाळलेला, बुरशी नसलेला कडबा चघळायला दिला तर चालतो.

---

मंगळवेढेकर

चुकलं. बैलाला मी ज्वारीच्या फुटव्यात कधी सोडत नाही आणि सशाला कुंडीत लावून द्यायला निघालो. ताई, माझा वरचा सल्ला धरू नका.

---

पत्र्याची_गच्ची

बापरे. मी खरंच मूठभर ज्वारी भिजत घातली होती, आत्ताच उपसून चाळणीत पसरली. होटगी रोडवाले काका, शेळ्यांसाठी लसूणघास विकायला एक जण येतो दारावर. दोघी वेड्या होतात त्यासाठी. रोज चालेल का? आणि भुरीची लघवी वाळली की पांढरट पावडर राहते, त्याचा काही संबंध?

---

होटगी_रोड

संबंध आहे. ससा खाल्लेलं बहुतेक कॅल्शियम रक्तात ओढून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. थोडं पांढरं दिसणं नेहमीचं. पण खडूच्या पाण्यासारखी दाट यायला लागली, किंवा कुंथत असेल, तर दाखवा. लसूणघास, शेवग्याचा पाला, दोन्हीत कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिल्लाला लसूणघास ठीक, मोठ्या सशाला आठवड्यातून एखादी काडी, सणाला पुरणपोळी असते तशी. पालकही रोज नको. आणि पाण्याचं भांडं मातीचं, जड ठेवा. बाटलीच्या नळीतून कमी पाणी पितात.

---

कुंडीवाली_जुळे_सोलापूर

घरातल्या कुंड्यांचं मी सांगते, माझ्याकडे ससा मोकळा फिरतो.

मनीप्लांट वर टांगा, आणि खाली लोंबणाऱ्या वेली कापा. त्यात आणि अळूत सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, तोंड भाजल्यासारखं होतं. डायफेनबेकिया तसंच. कोरफड, सदाफुली, स्नेक प्लांट, ओवा हे सगळं सशाच्या उंचीच्या वर नाहीतर बाहेर. कण्हेर तर दारातही नको. टोमॅटो आणि मिरचीची झाडं, कांदा-लसणाची पात हेही नाही. "एवढ्याशा पातीनं काय होतं" म्हणणारे भेटतील, ऐकू नका. जमिनीवर ठेवायचंच तर स्पायडर प्लांट, अरेका पाम किंवा नेफ्रोलेपिस फर्न. कुरतडून झाडाची रया जाईल, सशाला काही होणार नाही.

आणि जास्वंद लावा हो! साधी लाल. पान चालतं, फूल चालतं, सोलापूरचं ऊन तिला झेपतं. माझा बोका, म्हणजे ससाच, नाव बोका आहे, मागच्या पायांवर उभा राहून फूल देठासकट ओढतो आणि लाल पाकळी मिशीला चिकटवून फिरतो.

पाण्याचं: संक्रांतीची सुगडी पडली असतील ना माळ्यावर? बिनरंगाचं घ्या, कुंडीच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर पणती झाका. माती लागेल तेवढंच ओढते. माझा पुदिना यावर तीन दिवस काढतो, वर हिरवी जाळी आहे म्हणून. माती नुसती काळी घेऊ नका, वाळली की भेगा आणि ओली असली की चिखल. निम्मं शेणखत किंवा तुमचं लेंडीखत मिसळा. सशाची लेंडी गरम पडत नाही, थेट कुंडीत घातली तरी मुळं जळत नाहीत.

देवाणघेवाणीबद्दल. मी आता रोप घेत नाही, फांदी घेते. नर्सरीतल्या रोपाच्या मातीत कधी कधी दाणेदार कीटकनाशक असतं, ते मुळातून पानात जातं, धुऊन निघत नाही. फांदी आणायची, आपल्या मातीत लावायची, आधीची पानं काढून टाकायची, नवी फूट येऊन चांगली वाढली की मगच सशाला. बियांचंही तसंच. पुडीतले रंग लावलेले गुलाबी-निळे दाणे औषध चोळलेले असतात, स्वयंपाकघरातले धने-मेथ्या घ्या. आणि नवा पाला आला की एकच, दोन पानं, मग दिवसभर लेंड्या बघायच्या. तुम्हाला मोजायची सवय झालीच आहे!

अक्कांच्या खोक्यातली माती झेंडूला वापरा. निकोटिन विषच आहे, नैसर्गिक म्हणून सोडायचं नाही. माव्याला नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा पानाच्या खालून मारा, दोन-तीन दिवस लागोपाठ.

---

पत्र्याची_गच्ची

सगळ्यांचे आभार. मधले दहा दिवस यातच गेले म्हणून उशिरा लिहितेय.

मनीप्लांट जिन्यात गेला. कोरफड नणंदेकडे. ओव्यावरून सासूबाईंशी तह झाला, तो स्वयंपाकघराच्या खिडकीत वर राहणार. माळ्यावर सहा सुगडी सापडली, त्यातली दोन गळकी निघाली, तीच पुदिन्याला सगळ्यात छान लागू पडली. गव्हाची पहिली ताटली बुरशीनं गेली (मी दिवसातून तीनदा पाणी मारत होते), दुसरी दोघींनी एका बैठकीत सपाट केली.

दुपारी पत्र्याखाली मात्र भट्टी असते, तिथं त्यांना ठेवणं बंद केलं. अकरा ते पाच खाली, फरशीवर. जुनी चादर ओली करून खिडकीला टांगते, आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवते. भुरी तिला टेकून पाय लांब करून झोपते, कान बाटलीवर.

अक्कांना सांगायला चार दिवस धीर होत नव्हता. शेवटी लेंडीखताची पाटी घेऊन गेले आणि सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "माझी नात पण तीच मेथी खाते की." त्या दिवसापासून त्यांच्या गच्चीवर तंबाखूचं पाणी बंद आहे. सकाळी मोरीतली नळी घेऊन माव्यावर फवारा चाललेला दिसतो, तोंडानं त्याला शिव्याही चालू असतात.

आता द्यायला माझ्याकडे गवती चह्याची चार ठोंबं आणि दोन पाट्या लेंडीखत आहे. हवंय सब्ज्याचं बी आणि लाल जास्वंदीची फांदी. जुळे सोलापूरच्या ताई, तुमच्याकडची चालेल का? आणि एक राहिलंच. चिंगीनं काल वृंदावनातली तुळस अर्धी खाल्ली. दोन-चार पानांनी काही होत नाही हे मला माहीत आहे, तिला काहीच झालेलं नाही. सासूबाईंना काय सांगू ते सुचवा.

---

कुंडीवाली_जुळे_सोलापूर

रविवारी सकाळी नऊच्या आत या, नंतर ऊन होतं. सब्जा कागदात बांधून ठेवते, जास्वंदीच्या तीन फांद्या कापते, एक तरी लागेल. तुळशीचं रोपही देते. सासूबाई उठायच्या आत लावून टाका.