गुडघ्याचं ऑपरेशन: घरी आल्यानंतरचे दिवस कसे गेले? (अनुभव धागा)

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. एक्स-रेत आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं दिसतं, पाय बाकले आहेत, आणि वर्षभरात ती देवळाच्या पायऱ्या चढलेली नाही. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलंय. ऑपरेशन त्यांनी नीट समजावलं. पण पेशंट घरी आल्यावर रात्री दोन वाजता काय होतं, ते ज्यांनी भोगलंय तेच सांगू शकतील. म्हणून हा धागा. सांधाबदलच असं नाही; लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा), गादी (दोन हाडांमधली कुर्चेची चकती), दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन, सगळं लिहा. चुकलं तेही लिहा. डॉक्टरांची, हॉस्पिटलची नावं मात्र नकोत.

निवृत्त शिक्षिका, सातारा

अटलजी पंतप्रधान असताना ब्रीच कँडीत त्यांचे गुडघे बदलले, एक २००० साली, दुसरा २००१ साली. पेपरात वाचून तेव्हा वाटलं होतं, ही मोठ्या माणसांची ऑपरेशनं. मी ७१व्या वर्षी करून घेतली. दोन्ही, पण चार महिन्यांच्या अंतराने.

ऑपरेशनचं काही वाटलं नाही. पाठीत इंजेक्शन दिलं होतं, हातोडीचे ठोके ऐकू येत होते, दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं. खरी परीक्षा घरी. दिवसा बरं असायचं आणि दिवा मालवला की गुडघा ठणकायला लागायचा. मग मी हळूच गुडघ्याखाली उशी सरकवायची. फिजिओ मुलगी आली, तिने पाहिलं आणि उशी उचलूनच नेली. म्हणाली, "आजी, उशीने आत्ता बरं वाटेल, पण गुडघा सरळ व्हायचा राहील आणि तुम्ही कायमच्या लंगडाल." त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, मांडी आवळून तो खाली दाबायचा आणि दहा आकडे मोजायचे. घामाने पदर भिजायचा. यजमान कॅलेंडरवर किती वाकला ते लिहून ठेवायचे: पहिल्या आठवड्यात ७० अंश, सहाव्या आठवड्यात ११०.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. हे आईंकडून आत्ताच घोकून घ्या. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी माझी अजून बधिर आहे. खाली मांडी घालणं सोडलं. हळदीकुंकवाला गेले की खुर्ची मागून घेते.

कबड्डीवाला, कोल्हापूर

चढाईवरून मागे फिरताना पाय रोवला गेला आणि अंग वळलं. कट्ट असा आवाज मी स्वतः ऐकला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा. गावात चोळून घेतला, सूज उतरली, चालता आलं, म्हणून बरा झालो असं धरून चाललो. पुन्हा खेळलो तर गुडघा आतून निसटला. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा एमआरआय केला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलेलं आणि त्या आठ महिन्यांत गादीही फाटलेली. लिगामेंट नवं करता आलं, गादीचा बराच भाग कापून काढावा लागला. त्याची हळहळ आजही आहे.

पोरांनो, एक लक्षात घ्या. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, काढून नवं लिगामेंट बसवतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणं थांबतं आणि मैदान खुणावतं. नेमकी तेव्हाच ती शीर कच्ची असते, हाडात पूर्ण रुजलेली नसते. आमच्यातला एकजण साडेचार महिन्यांनी उतरला, पुन्हा तुटलं. मी शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या मोजायचो. ऑपरेशनची बाजू ४ सेंटिमीटरने बारीक होती. ती भरून येऊन दोन्ही पायांवर सारखी लंगडी घालता येईपर्यंत नऊ महिने थांबलो.

गृहिणी, रत्नागिरी

लावणीच्या दिवसांत ओणवी होते, उठताना गुडघ्याच्या मागे टचकन काहीतरी झालं. पडले नाही, मार नाही, त्यामुळे कुणाला खरंच वाटेना. गादी जिथे हाडाला धरलेली असते, तिथून मुळापासून सुटली होती. हाडाला बारीक भोक पाडून टाक्याने ती परत ओढून बसवली. नंतर सहा आठवडे पाय टेकायचा नाही. आमचा संडास परसात. दिरांनी पडवीत कमोडची खुर्ची मांडून आडोसा केला, जाऊबाईंनी न सांगता सगळं केलं. ऑपरेशनच्या आधी घरची ही सोय बघा.

नोकरदार, पुणे

झिजलेला गुडघा दुर्बिणीतून "धुऊन" घेतला. तीन महिने बरं वाटलं, मग जैसे थे. नंतर वाचलं की २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर याची तपासणी झाली होती. काहींना फक्त कातडीवर छेद दिले, आत काहीच केलं नाही, तरी त्यांना आणि धुतलेल्यांना सारखाच आराम पडला. नुसत्या झिजेसाठी असं कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्याच.

मुलगा, नागपूर

बाबांची साखर वाढलेली म्हणून ऑपरेशन दोन महिने पुढे ढकललं. आम्ही चिडलो होतो. पण साखर जास्त असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि नव्या सांध्यात जंतू शिरले तर तो काढावासुद्धा लागू शकतो.

दहाव्या दिवशी बाबांची पोटरी सुजली. चालण्याने असेल म्हणून आम्ही शेकत बसलो. डिस्चार्जच्या वेळी कुणी याबद्दल बोललंच नव्हतं. शेजारच्या नर्सताईंनी पोटरी दाबून पाहिली आणि तशीच रिक्षा बोलवायला लावली. सोनोग्राफीत रक्ताची गुठळी निघाली. ती फुप्फुसात गेली असती तर जीवावर बेतलं असतं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर सकाळची वाट बघू नका. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सीत.

बिलाचंही सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्रास बसवतात तो कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी झाला, आधी दीड लाखाच्या वर जायचा. बिलात सांध्याची ओळ वेगळी मागा. डब्यावरचे स्टिकर फाइलमध्ये असतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी गुडघा पुन्हा उघडावा लागला तर आत काय आहे ते त्यावरूनच कळतं.

धागाकर्ती

आईला सगळं वाचून दाखवलं. पोटरीचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, साताऱ्याच्या ताईंना विचार, दुसरा गुडघा करायला मन कसं झालं?

निवृत्त शिक्षिका, सातारा

चौथ्या महिन्यात एकटी मंडईत जाऊन दोन पिशव्या भाजी घेऊन आले. नवा पाय काही बोलला नाही, जुना रात्रभर ठणकला. सकाळी उठून मीच डॉक्टरांना फोन केला.